मेळावा चाळणाऱ्यांसाठी भरवा : कॉमिक्स मेळाव्याच्या संयोजकांना सोलापुरातून खुले पत्र

प्रति,
सोलापुरात कॉमिक्सप्रेमींचा मेळावा भरवू पाहणारे सर्व संयोजक

स.न.वि.वि.

अशा मेळाव्यांचे कच्चे नकाशे आमच्यापर्यंत येतात. त्यांत स्टेज असते, कॉस्प्लेची, म्हणजे पात्रांसारखा वेश करून येण्याची स्पर्धा असते, गेमिंगचा कोपरा असतो, फोटोसाठी कमान असते. मग उरलेल्या जागेत, बहुधा खाण्याच्या स्टॉलला खेटून आणि स्वच्छतागृहाच्या वाटेवर, ‘जुनी कॉमिक्स’ असे लिहिलेला एक चौकोन असतो. त्या चौकोनात उभे राहणारे आम्ही. आमच्यातले काही विकणारे आहेत, काही जमवणारे, आणि बरेचसे दोन्ही. कॉस्प्लेवर आमचा राग नाही, गर्दी त्यानेच होते. पण जुने कॉमिक लांबून बघून कोणी विकत घेत नाही. ते चाळून घेतले जाते. चाळायला उभे राहायला जागा लागते, हात मोकळे लागतात, उजेड लागतो आणि वेळ लागतो. या चार गोष्टी नकाशातच ठरतात. मेळाव्याच्या सकाळी मागून मिळत नाहीत.

सुरुवात खोक्यापासून करू, कारण बाकी सगळी मापे त्यावरून निघतात. इंद्रजाल, अमर चित्र कथा, टिंकल या सगळ्यांचा आकार साधारण ७ बाय साडेनऊ इंच. प्रत जपायला घातलेली प्लास्टिकची पिशवी आणि आतला मागचा पुठ्ठा धरून खोके आतून किमान ८ इंच रुंद आणि साडेदहा इंच उंच हवे. पिशवीतल्या ३२ पानी कॉमिकची जाडी सुमारे ३ मिलिमीटर. म्हणजे १५ इंच लांबीच्या खोक्यात सव्वाशे प्रती मावतात, पण भरायच्या शंभरच. ठासून भरले की बोट आत जात नाही, गिऱ्हाईक वरचे टोक धरून ओढते आणि मुखपृष्ठाचा कोपरा दुमडतो. शंभर प्रतींचे खोके साधारण आठ किलोचे होते.

आता टेबल. मांडववाल्याचे टेबल सहा फुटी असते आणि त्यावर अशी आठ खोकी शेजारी-शेजारी सहज बसतात. त्यामुळे कागदावर वाटते की आठ जण एका वेळी चाळतील. तसे होत नाही. माणसाला उभे राहायला दोन फूट लागतात. सहा फुटांचे टेबल म्हणजे तीन खांदे. चौथा मागे थांबतो, दोन मिनिटे वाट बघतो आणि निघून जातो. म्हणून एका टेबलावर पाच-सहा खोक्यांपेक्षा जास्त मांडून उपयोग नसतो आणि तीन फुटी टेबल देऊ नये. तीन फुटात दीड माणूस चाळतो. अर्ध्या माणसाकडून पैसे येत नाहीत.

टेबलाची उंची अडीच फूट आणि त्यावर साडेदहा इंचांचे खोके, म्हणजे खोक्याचे तोंड जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास येते. मोठ्या माणसाला ते बरोबर. आठ-दहा वर्षांच्या पोराला खोक्यातले फक्त वरचे अक्षर दिसते. प्रत्येक टेबलाला दीड फूट उंचीचा एक बाक द्या. त्यावर वीस ते पन्नास रुपयांच्या प्रतींचे खोके ठेवता येते. मुले तिथे चाळतात, आईबाप वर चाळतात. बाक नसेल तर विक्रेते ते खोके टेबलाखाली सरकवतात, मग पोरे वाटेतच उकिडवी बसतात आणि मागून येणारा त्यांच्यावर अडखळतो.

दोन रांगांमधली वाट पाच फुटांची आखली जाते, कारण पाच फूट भरपूर वाटतात. दोन्ही बाजूंनी चाळणारे उभे राहिले की प्रत्येकी दोन फूट गेले. उरला एक फूट. त्यातून पाठीला पंख लावलेला किंवा हातात थर्माकोलची तलवार घेतलेला कोणी आला की सगळी रांग उठते. वाट आठ फुटांची ठेवा, दहा मिळाली तर उत्तम. आणि फोटोची कमान, सही देणाऱ्या चित्रकाराचे टेबल या दोन गोष्टी आमच्या रांगेच्या तोंडाशी नकोत. सहीची रांग वाढत वाढत टेबलांसमोर येते, तिथेच तासभर उभी राहते, आणि त्या रांगेतला एकही माणूस खोक्यात हात घालत नाही, कारण त्याचा नंबर जाईल.

टेबलाच्या भाड्याबद्दल बोलायला संकोच करत नाही. एक हिशेब मांडतो, आकडे उदाहरणादाखल घ्या. दोन दिवसांचे टेबल ३,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ५४०, आणि बाहेरगावाहून येणाऱ्याचा प्रवास, मुक्काम, जेवण ४,०००. झाले ७,५४०. साध्या, वाचण्यापुरत्या प्रतीवर सुटतात चाळीस रुपये. म्हणजे १८९ प्रती विकल्या की माणूस फक्त बरोबरीत येतो. एक चाळणारा पंधरा मिनिटे घेतो आणि दोन-तीन प्रती उचलतो. तीन खांदे, दिवसाचे आठ तास. दुपारी दोन ते चार हॉल ओस असतो, बाकी वेळीही तिन्ही खांदे सतत भरलेले नसतात, ते वजा केले तर हे गणित जेमतेम जुळते. भाडे दुप्पट केले की जुळतच नाही. मग जुनी कॉमिक्स विकणारा येत नाही आणि त्याच्या जागी की-चेन, कॉफीचे मग आणि छापील टी-शर्टवाला येतो, ज्याच्या मालावर सुटणारा पैसा वेगळा आहे. कराबद्दल एक बारीक गोष्ट : छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे आणि केवळ पुस्तकेच विकणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही. त्यामुळे तुमच्या भाड्यावरचा कर त्याला कुठेच वळता करून घेता येत नाही. भाडे सांगताना करासहित सांगा.

हे फक्त आपल्याकडचे दुखणे नाही. अमेरिकेतल्या सॅन डिएगोचा जगप्रसिद्ध कॉमिक्स मेळावा १९७० साली एका हॉटेलात, कॉमिक्सवाल्यांच्या जिवावर सुरू झाला. कोलोरॅडोतल्या माइल हाय कॉमिक्स या बड्या दुकानाने तिथे ४४ वर्षे हजेरी लावली आणि २०१७ साली जाणे थांबवले. गाळ्याचा वाढता खर्च हे त्यांनी जाहीरपणे सांगितलेल्या कारणांपैकी एक होते. भारतात कॉमिक कॉन हा मेळावा २०११ साली दिल्लीत सुरू झाला. सोलापूरला उशीर झाला आहे, पण उशिरा येणाऱ्याला दुसऱ्यांच्या चुका फुकट मिळतात.

जागेबद्दल. होम मैदान सुचवणारे बरेच आहेत, काही जण तर तिथल्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेतच गाळे घ्या म्हणतात. त्या यात्रेला येणारी गर्दी पाळण्यात बसायला येते, खोके चाळायला नाही. शिवाय धूळ. मैदानावरची बारीक धूळ पिशवीच्या उघड्या तोंडातून आत जाते आणि न्यूजप्रिंटवर (वर्तमानपत्री कागदावर) बोट फिरले की पॉलिश पेपरसारखे काम करते. हुतात्मा स्मृती मंदिर नाटकाला चांगले, पण खिळवलेल्या खुर्च्यांमध्ये टेबले मांडता येत नाहीत. आमचे मत मंगल कार्यालयाच्या बाजूने आहे. तळमजल्याचा सपाट हॉल, टेम्पो दाराला लागतो, हात धुवायला बेसिनची रांग असते, स्वयंपाकघर वेगळ्या बाजूला असते. पौषात लग्ने नसल्याने कार्यालये रिकामी असतात आणि भाडेही खाली येते. फक्त संक्रांतीचा आठवडा टाळा. त्याच यात्रेतल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवसांत गावातून खोकी न्यायची म्हणजे दिव्यच. डिसेंबरची अखेर किंवा जानेवारीचा शेवटचा आठवडा बघा. एप्रिल-मेमध्ये तर नकोच. सोलापूरच्या उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की पन्नास वर्षांचा न्यूजप्रिंट दुमडला की तुटतो, आणि पत्र्याच्या छताखाली ठेवलेल्या गठ्ठ्याचे रबर बँड वितळून मुखपृष्ठाला चिकटतात. सप्टेंबर सुखाचा वाटतो, पण आपल्याकडे खरा पाऊस त्याच महिन्यात येतो.

हॉल मिळाला की लग्नाचे पिवळे दिवे बंद करा. पिवळ्या प्रकाशात पिवळे पडलेले पान पांढरेच दिसते, सेलोटेपचा डाग दिसत नाही, स्केच पेनने रंगवलेला मुखपृष्ठाचा कणा (पाठीची घडी) दिसत नाही. गिऱ्हाईक घरी जाऊन ट्यूबखाली बघते आणि विक्रेत्याला चोर ठरवते. चार फुटी, वीस वॅटची, पांढऱ्या उजेडाची एलईडी पट्टी दर टेबलामागे एक पुरते. ती टेबलाच्या लांबीला समांतर, टेबलाच्या वरच टांगा. गिऱ्हाइकाच्या पाठीमागे लावली तर त्याचीच सावली खोक्यात पडते. हॅलोजन तर अजिबात नको, कागद आणि मांडवाचे कापड दोन्ही जवळ आहेत.

आणि कूलर. गर्दी वाढली की कार्यालयवाला कूलर आणून नेमका टेबलांकडे तोंड करून ठेवतो. ओल्या गवतातून आलेली ती हवा तासाभरात कागदाला लाटा आणते, पिशवीबाहेर काढलेली प्रत तर डोळ्यांदेखत वाकते. कूलर रांगेपासून पंधरा फूट लांब, तोंड भिंतीकडे. छताचे पंखे मंद. पश्चिमेच्या खिडक्यांना पडदा, कारण दुपारनंतरचे ऊन आधी लाल आणि पिवळा रंग खाते.

टेबलावर काय अंथरायचे, हा सोलापुरात चेष्टेचा विषय होऊ शकतो, पण महत्त्वाचा आहे. इथे येणाऱ्या पाहुण्या विक्रेत्यांना कौतुकाने सोलापुरी टॉवेल अंथरून देऊ नका. टॉवेलच्या उभ्या फासांत कॉमिकच्या पिनांची टोके अडकतात, आणि उचलताना पीन तशीच राहून मधला ताव सुटतो. चादर चालते. तिची वीण घट्ट असते, प्रत घसरतही नाही आणि अडकतही नाही. मात्र नवी कोरी, न धुतलेली गडद चादर नको, पाणी सांडले तर रंग सोडते. रात्री हॉल बंद करताना हीच चादर खोक्यांवर टाकता येते. खोकी जमिनीवर ठेवायची नाहीत, कारण मंगल कार्यालयात उंदीर असतातच.

खाण्याचे स्टॉल हॉलबाहेर, आणि बाहेरून आमच्या रांगेकडे येताना वाटेत बेसिन लागेल असे. न्यूजप्रिंटला सर्वांत वाईट डाग पाण्याचा नसतो, तेलाचा असतो. शेंगाचटणी खाल्लेल्या बोटाचा ठसा पानावर पडला की तिथे कागद पारदर्शक होतो, पलीकडचे अक्षर अलीकडे दिसते, आणि हा डाग कशाने म्हणजे कशाने जात नाही. बेसिनशेजारी कोरडे टॉवेल ठेवा (हे त्यांचे खरे काम). पांढरे सुती हातमोजे मात्र वाटू नका. ते फोटोत छान दिसतात, पण त्यांनी कागदाची कड जाणवत नाही आणि ठिसूळ कोपरा मोज्याच्या धाग्याला लागून तुटतो. धुतलेले, कोरडे, उघडे हात सर्वांत सुरक्षित.

तुमचे स्वयंसेवक टेबलांवर मदतीला येणार असतील तर त्यांना एकच गोष्ट शिकवा : पिशवीतून कॉमिक काढणे. पिशवीचे झाकण सेलोटेपने बंद केलेले असते. घाईत टेप सोडवली की ती झाकणावर उभी राहते, आणि कॉमिक वर ओढताना तिचा चिकट भाग मुखपृष्ठाला चाटून जातो. झाले. चिकटलेली टेप ओढली की रंगाचा पापुद्रा तिच्याबरोबर येतो आणि चारशे रुपयांची प्रत शंभराची होते. योग्य पद्धत अशी : पिशवी पालथी करायची, टेप पूर्ण सोलून टेबलाच्या कडेला लावायची, झाकण मागे दुमडून अंगठ्याने दाबून धरायचे, आणि कॉमिक व पुठ्ठा दोन्ही एकत्र बाहेर काढायचे. नुसते कॉमिक ओढायचे नाही. परत ठेवतानाही दोन्ही एकत्र. दहा मिनिटांचे प्रशिक्षण आहे, आम्ही देऊ. विक्रेत्यांनी टेपचे एक टोक दुमडून ठेवले तर सोडवणे आणखी सोपे जाते, आणि हा नियम तुम्ही टेबलाच्या अर्जातच टाकू शकता.

पिशव्यांवरही लक्ष ठेवा. रेनकोटचा वास येणारे मऊ प्लास्टिक म्हणजे पीव्हीसी. ते काही वर्षांत शाई उचलते. पॉलिप्रॉपिलीनची कुरकुरीत पिशवी चांगली. मिठाईच्या डब्याचा, एका बाजूने करडा असलेला पुठ्ठा आत घातला तर आम्लामुळे मागच्या पानावर तपकिरी सावली उमटते. पिशव्या आणि आम्लरहित पुठ्ठे विकणारे एक टेबल हवेच. ते दिवसभर चालते.

आता भांडणाच्या मुद्द्याकडे येतो. मेळाव्यात होणाऱ्या दहा भांडणांपैकी बहुतेक प्रतीच्या अवस्थेवरून होतात. अमेरिकेत २००० सालापासून सीजीसी ही कंपनी कॉमिक तपासून ०.५ ते १० असे गुण देते आणि कडक प्लास्टिकमध्ये बंद करते. रद्दीतून आलेल्या मराठी इंद्रजालला त्या मापाने मोजण्यात अर्थ नाही. ‘मिंट’ (अगदी कोरी प्रत) हा शब्द तर आपल्या बाजारात इतका स्वस्त झाला आहे की तो लिहायलाच बंदी घाला. त्याऐवजी शंभर रुपयांवरच्या प्रत्येक प्रतीवर एक चिठ्ठी सक्तीची करा : पाने पूर्ण आहेत का, मुखपृष्ठ मूळ आहे का, पिना मूळ आहेत का, कुपन किंवा कोडे कापलेले आहे का, शिक्का किंवा नाव आहे का, टेप लावली आहे का. हो किंवा नाही एवढेच. खाली विक्रेत्याची सही आणि टेबल क्रमांक. चिठ्ठी खोटी निघाली तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पैसे परत.

पाने मोजणे वाटते तितके सोपे नसते. मुखपृष्ठ सोडून ३२ पानांचे कॉमिक म्हणजे आठ ताव, मधोमध दुमडून पिना मारलेले. मधला ताव गळाला तर १४ नंतर थेट १९ येते, हे कोणालाही कळते. पण बाहेरून दुसरा ताव गेला तर ३-४ आणि २९-३० अशी दोन ठिकाणची पाने जातात, आणि पानांवर आकडे छापलेले नसतील तर गोष्ट वाचल्याशिवाय कळत नाही. भाड्याने कॉमिक्स देणाऱ्या दुकानांतून आलेल्या प्रती वेगळ्या ओळखाव्या लागतात. दहा-दहा प्रती एकत्र शिवलेल्या असत, म्हणून कण्यापासून सेंटीमीटरभर आत सुईची भोके दिसतात, आणि बांधणीवाल्याने तिन्ही कडा कापलेल्या असतात. कडा कापलेली प्रत सरळ, स्वच्छ, नव्यासारखी दिसते. न कापलेल्या प्रतीशेजारी ठेवली की तीन ते पाच मिलिमीटर कमी भरते. अशी प्रत विकायला हरकत नाही, लपवायला आहे.

मुखपृष्ठाचे रंगीत झेरॉक्स ओळखायला प्रत्येक रांगेत एक भिंग दोरीने बांधून ठेवा. छापील चित्र पुन्हा स्कॅन करून छापले की ठिपक्यांवर ठिपके चढून लाटांसारखी जाळी दिसते. शिवाय पिनेकडे बघा : जुन्या पिनेभोवती गंजाची छटा मुखपृष्ठापासून मधल्या पानापर्यंत सलग असते. आतल्या तावांवर गंज आणि मुखपृष्ठ स्वच्छ, किंवा एका पिनेला दोन जोड भोके, म्हणजे मुखपृष्ठ नंतर चढवलेले. पुनर्मुद्रित प्रती विकायच्या असतील तर हक्क कोणाचे ते दाखवावे लागेल. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतात. ‘आता मिळत नाही म्हणून छापले’ हे उत्तर चालत नाही.

पहिल्या आवृत्तीच्या नावाखाली होणारी फसवणूक बहुतेक वेळा अज्ञानातून होते. अमर चित्र कथेचा ‘कृष्ण’ हा अंक ११, कारण आधीचे दहा क्रमांक परकी परीकथांकडे गेले होते. त्याच पुस्तकावर ५०१ असेल तर ती नंतरची मालिका. पण ११ असले तरी खुश होऊ नये. तोच क्रमांक पुढच्या छपाईतही राहिला, म्हणून छापील किंमत बघायची. इंद्रजाल १९६४ साली सुरू झाले, १९९० साली बंद पडले. १ ते ४४३ सरळ क्रमांक, आणि पुढे खंड २० पासून खंड-अंक पद्धत. १२३ आणि १२४ हे अंक संपामुळे निघालेच नाहीत. ‘पूर्ण संच, एकही अंक गहाळ नाही’ अशी पाटी दिसली की हे दोन आकडे विचारून बघा. उत्तरावरून माणूस कळतो. एवढी माहिती एका कागदावर छापून दारात वाटली तरी नवख्या गिऱ्हाइकाचे निम्मे नुकसान टळेल.

सोलापूरचा एक फायदा तुमच्या नकाशात कुठेच दिसत नाही. पूर्व भागातली तेलुगू घरे, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडची कन्नड घरे. मराठीत जो ‘चांदोबा’, तो तेलुगूत आणि कन्नडमध्ये ‘चंदामामा’. १९४७ साली तो सुरू झाला तोच तेलुगू आणि तमिळमध्ये. अशा घरांच्या माळ्यावरून जे निघू शकते ते पुण्याच्या बाजारात सहसा दिसत नाही. खोक्यांवरच्या पाट्या मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही लिपींत हव्यात, आणि जाहिरात करताना पूर्व भागात तेलुगूत करा. नाहीतर ती घरे हा मेळावा आपला नाहीच असे धरून चालतील.

त्याच घरांतून लोक गठ्ठे घेऊनही येतील. आजोबांची पेटी, मोठ्या भावाचे बाड. आज काय होते? माणूस दारात शिरतो, हातातली पिशवी दिसते, तीन विक्रेते धावतात आणि पहिला जो भाव सांगेल त्याला माल जातो. हे आमच्याच लोकांचे वागणे आहे, आणि लाजिरवाणे आहे. दाराजवळ ‘घरचा गठ्ठा’ असे एक टेबल मांडा. त्यावर दोन जाणकार बसवा. अट एकच : जो भाव सांगेल त्याने त्या दिवशी तो माल विकत घ्यायचा नाही. त्यांनी अंदाज कागदावर लिहून द्यावा, मग मालक हवे तिथे जाईल. गठ्ठेवाल्यांनाही एक गोष्ट तिथेच समजावून सांगावी लागेल. विक्रेता मिश्र गठ्ठ्याला विक्रीच्या भावाच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत देतो, त्यात लबाडी नसते. शंभरांतल्या दहा प्रती लगेच जातात, चाळीस वर्षभरात, आणि उरलेल्या पन्नास तो पुढच्या सगळ्या मेळाव्यांना वाहत नेतो.

दार उघडण्याआधीच्या खरेदीवर आमच्यातच एकमत नाही. मांडामांड चालू असताना विक्रेते एकमेकांची खोकी चाळतात, आणि सकाळी दहाला आत आलेल्या संग्राहकाला जे मिळते ते आधीच गाळलेले असते. संग्राहक म्हणतात बंदी घाला. विक्रेते म्हणतात, आपसातल्या या खरेदीवरच आमचे भाडे निघते. निघालेला मधला मार्ग असा : आदल्या रात्री मोकळीक, पण मेळाव्याच्या सकाळी आठनंतर कोणी विक्रेत्याने विकत घ्यायचे नाही, आणि पहिला तास हव्या असलेल्या अंकांची यादी घेऊन येणाऱ्यांसाठी. त्या तासात स्टेज आणि डीजे बंद. घासाघीस करायला एकमेकांचे ऐकू यावे लागते. यूपीआयचा आवाज देणारा डबाही ऐकू यावा लागतो. डीजे चालू असला की विक्रेता गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरचे चित्र बघून मान डोलावतो, आणि संध्याकाळी हिशेबात दोन-चार खोटी चित्रे निघतात. गर्दीत नेटवर्क बसते, म्हणून विक्रेत्यांसाठी वेगळा वायफाय आणि दहा-वीसच्या नोटांची सोय करा.

शेवटी वेळापत्रक. वीस खोकी म्हणजे १६० किलो. रेल्वेत स्लीपरच्या तिकिटावर ४० किलो फुकट नेता येते, म्हणून लांबून येणारा दोन माणसे आणि आठ-दहा खोकीच आणतो, बाकी आधी पार्सलने पाठवतो. ती उतरवून कुलपात ठेवायला एक खोली लागेल. पुण्याहून संध्याकाळी निघणारी हुतात्मा एक्सप्रेस इथे रात्रीच पोहोचते. हॉल रात्री बारापर्यंत उघडा नसेल तर ते लोक सकाळी धावपळीत मांडतील आणि पहिला तास वाया जाईल. परतीला मुंबईकर सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडतात, तीही रात्री. बांधाबांधीला दोन तास, स्टेशनला अर्धा. म्हणून रविवारी बक्षीस समारंभ कितीही लांबो, कॉमिक्सची रांग सातला बंद करू द्या. ‘सगळे थांबले आहेत, तुम्हीच का निघालात’ असे म्हणून दारात अडवले की माणूस खोकी कशीही कोंबतो, आणि सर्वांत जास्त कोपरे त्या अर्ध्या तासात मोडतात.

टेबलांचा नकाशा छापायला देण्याआधी एकदा रिकामा हॉल उघडून द्या. दोन तास पुरतील. टेबल कुठे, वाट किती, पट्टी कुठे टांगायची हे जमिनीवर आखून देऊ. मोजपट्टी आणि खडू आमचे.

आपले,
जुन्या कॉमिक्सचे काही विक्रेते आणि संग्राहक
सोलापूर